चर्चिलला ‘नाही’ म्हणणारा माणूस

एका ताईंचा प्रश्न आहे: ‘दुसऱ्या महायुद्धातले सर्वांत प्रभावी राजकीय आणि लष्करी नेते कोण? क्रमवारी लावून सांगाल का? मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे.’

नुसती यादी हवी असेल तर ती कोणत्याही गाईडमध्ये मिळेल. चर्चिल, रूझवेल्ट, स्टालिन, हिटलर, मुसोलिनी, तोजो. मग आयसेनहॉवर, माँटगोमेरी, झुकोव्ह, रोमेल, पॅटन. नावं बरोबर आहेत. क्रमवारी लावायला बसलं की मात्र माझी गाडी अडते. मी पायदळात नोकरी केली, नंतर बरीच वर्षं तरुण अधिकाऱ्यांना लष्करी इतिहास शिकवला, आणि दर वर्षी पहिल्या तासाला त्यांच्याकडून फळ्यावर हीच नावं लिहून घेतली. पोरं रोमेलवरून तावातावाने भांडायची. ब्रिटनच्या भूदलाचा युद्धकाळातला प्रमुख, फील्ड मार्शल ॲलन ब्रुक, याचं नाव इतक्या वर्षांत दोघांनी की तिघांनी घेतलं असेल. माझ्या मते ब्रिटनचं युद्ध ज्या चारपाच माणसांनी तारलं त्यांत हा एक होता, आणि त्याचं मुख्य काम होतं चर्चिलला ‘नाही’ म्हणणं.

म्हणून मी हे नेते एकेकटे मोजत नाही, जोडीने मोजतो. खुर्चीवर बसलेला राजकीय नेता आणि त्याच्यासमोर नकाशा घेऊन उभा असलेला लष्करी माणूस. त्या दोघांचं कसं जमलं किंवा बिनसलं, ते पाहिलं की बाकीचं बरंच उलगडतं.

तारीख १४ जून १९४०. फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्याची माघार होऊन दहा दिवस झाले होते. त्याच दिवशी जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. फ्रान्समध्ये अजून बरंच ब्रिटिश सैन्य शिल्लक होतं आणि त्याची सूत्रं घ्यायला ब्रुकला पुन्हा तिकडे धाडलं होतं. ब्रुकचा जन्म फ्रान्समधलाच, फ्रेंच त्याला मातृभाषेसारखी यायची. फ्रेंच सेनापतींशी बोलल्यावर त्याला कळून चुकलं की आता इथे लढाई उरलेली नाही. आपले लोक ताबडतोब जहाजांवर चढवले नाहीत तर तेही हातचे जातील. संध्याकाळी त्याचं लंडनशी फोनवर बोलणं झालं. पलीकडे भूदलप्रमुख जॉन डिल होता. डिल म्हणाला, पंतप्रधानांना हे मान्य नाही, आणि रिसीव्हर शेजारी उभ्या असलेल्या चर्चिलच्या हातात दिला.

ब्रुकला याची कल्पना नव्हती. चर्चिलशी त्याची तोवर धड ओळखही नव्हती. लाइन खराब, त्यात समोर पंतप्रधान. चर्चिलचं म्हणणं, तुम्हाला पाठवलं आहे ते फ्रेंचांना आपला आधार वाटावा म्हणून. ब्रुकने उत्तर दिलं की प्रेताला काही वाटावं अशी सोय कुणालाच करता येत नाही. अर्धा तास हे चाललं. तुम्ही कच खाताय, असं चर्चिलने सुचवलं, तेव्हा ब्रुक भडकला. बोलताना त्याला खिडकीतून बागेतल्या बाकावर बसलेले ५२व्या डिव्हिजनचे दोन अधिकारी दिसत होते. त्या डिव्हिजनचं काय करायचं यावरच वाद चालू होता. शेवटी पलीकडून आवाज आला, ‘ठीक आहे, मला पटलं.’ पुढच्या काही दिवसांत पश्चिमेकडच्या बंदरांतून लाखाहून जास्त ब्रिटिश सैनिक घरी परतले.

या प्रसंगात मला ब्रुकइतकंच कौतुक चर्चिलचंही वाटतं. अर्धा तास हुज्जत घालणाऱ्या सेनापतीला त्याने घरी बसवलं नाही. उलट दीड वर्षाने, डिसेंबर १९४१ मध्ये, त्यालाच भूदलप्रमुख केलं. तोपर्यंत त्या जागेवर डिल होता. हुशार, सभ्य, मृदू माणूस. तो लेखी हरकती घ्यायचा. चर्चिलला ते रडगाणं वाटायचं आणि तो त्याच्या नावावर कोटी करून त्याला ‘डिली-डॅली’ म्हणायचा, म्हणजे चालढकल्या. १९४१ च्या वसंतात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातून सैन्य काढून ग्रीसला पाठवलं, तेव्हा ठामपणे आडवं पडायला लष्कराकडून कुणीच उभं राहिलं नाही. ग्रीस तर गेलाच, वाळवंटात हाती आलेलंही बरंच गेलं. डिल वाईट सल्लागार नव्हता. चर्चिलपुढे त्याचा आवाज चढत नव्हता, एवढंच. त्याला वॉशिंग्टनला पाठवलं आणि तिथे तो सोन्यासारखा उपयोगी पडला, पण ती गोष्ट पुढे.

चर्चिलचा दिवस कसा असायचा ते माहीत असेल तर ब्रुकची नोकरी कळते. दुपारी चर्चिल अंथरुणात शिरून चक्क झोप काढायचा आणि रात्री जेवणानंतर ताजातवाना होऊन बैठका लावायचा. त्या मध्यरात्रीनंतर एकदोनपर्यंत चालायच्या. तिन्ही दलांचे प्रमुख सकाळपासून कामाला जुंपलेले. चर्चिलच्या डोक्यातून कल्पनांचा धबधबा चाललेला: नॉर्वेच्या उत्तरेला उतरू या, सुमात्राचं टोक घेऊ या. नॉर्वेचं भूत तर त्याच्या डोक्यातून वर्षानुवर्षं उतरलं नाही. ब्रुक प्रत्येक वेळी तेच विचारायचा: जहाजं किती, विमानांचं छत्र कुठून, उतरल्यावर पुढे काय? ऐकून घ्यायचा, आणि नको असेल तेव्हा हातातली पेन्सिल मोडून म्हणायचा की मी याच्याशी मुळीच सहमत नाही. मी टेबलावर मूठ आपटली की हा त्याहून जोरात आपटतो आणि माझ्याकडेच डोळे वटारून बघतो, अशी चर्चिलची त्याच्याबद्दल तक्रार होती. तक्रारच म्हणायची, पण सुरात थोडा अभिमानही होता.

रात्री खोलीवर गेल्यावर ब्रुक बायकोला उद्देशून डायरी लिहायचा आणि सगळी वाफ तिथे सोडायचा. चर्चिलबद्दल त्यात इतकं कडवट लिहिलं आहे की वाचताना आपल्यालाच संकोच वाटतो. आणि त्याच पानावर, हा माणूस नसता तर देश बुडाला असता, असंही लिहिलेलं सापडतं. ऑगस्ट १९४२ मध्ये कैरोत चर्चिलने त्याला मध्यपूर्वेतल्या सैन्याचं नेतृत्व देऊ केलं. कोणत्याही सैनिकाच्या तोंडाला पाणी सुटावं अशी ती जागा. ब्रुकने नाकारली. आपण लंडन सोडलं तर या माणसाला आवरणार कोण, हा त्याचा हिशोब होता. त्यानंतरच्या उलथापालथीत वाळवंटातल्या आठव्या आर्मीचा सेनापती म्हणून निवडलेल्या जनरल गॉटचं विमान पाडलं गेलं, माँटगोमेरीचा नंबर लागला, आणि इजिप्तमधल्या अल अलामेनच्या लढाईनंतर जगभर नाव झालं ते माँटीचं.

ब्रुकला देव करायचं काही कारण नाही. अमेरिकन सेनापतींची त्याने कमी किंमत केली, इटलीच्या मोहिमेत तो गरजेपेक्षा जास्त गुंतला, १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईबद्दल शेवटपर्यंत धास्तावलेला राहिला. पण १९४२ मध्येच फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरायचा अमेरिकन हट्ट त्याने रोखला, हे त्याच्या खात्यावर मोठं पुण्य आहे. त्या वर्षी १९ ऑगस्टला दिएप बंदरावर छापा घातला गेला. सुमारे ५,००० कॅनेडियन सैनिक त्यात होते. त्यांपैकी ३,३०० हून जास्त मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. एका सकाळीत.

आणि जिथे ब्रुकसारखा माणूस नव्हता तिथे चर्चिलने काय केलं, हे आपण भारतीयांनी विसरायचं कारण नाही. १९४३ मध्ये बंगालात माणसं रस्त्यावर मरत होती. धान्यासाठी जहाजं द्या, म्हणून भारतमंत्री लिओ अमेरी मंत्रिमंडळात भांडत होता, नवा व्हाइसरॉय वेव्हेल तारांवर तारा करत होता. पण त्यांच्यापैकी कुणाच्या शब्दाला ते वजन नव्हतं आणि चर्चिलला ऐकायचंही नव्हतं. तीस लाखांच्या आसपास लोक गेले असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. नॉर्वेच्या किनाऱ्यावर न मेलेले सैनिक आणि बंगालात मेलेली माणसं एकाच पंतप्रधानाच्या टेबलावरच्या कागदांवर होती.

वॉशिंग्टनमधली जोडी अगदी वेगळ्या वळणाची. १४ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइट हाउसमध्ये बैठक भरली. रूझवेल्टने दहा हजार विमानांची कल्पना मांडली. ती उडवायला माणसं, तळ, सुटे भाग, प्रशिक्षण यांचा फारसा पत्ता नव्हता. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी राष्ट्राध्यक्ष कोपऱ्यातल्या कनिष्ठ जनरलकडे वळून म्हणाला, ‘तुला असंच वाटतं ना, जॉर्ज?’ जॉर्ज मार्शल म्हणाला, ‘माफ करा, मला हे अजिबात मान्य नाही.’ बाहेर पडताना सहकाऱ्यांनी त्याचा निरोपच घेतला. वॉशिंग्टनमधला याचा शेर संपला असं सगळ्यांना वाटलं. रूझवेल्टने पुढच्या वर्षी त्यालाच सेनाप्रमुख नेमलं. शपथविधी झाला तो दिवस होता १ सप्टेंबर १९३९, म्हणजे हिटलर पोलंडमध्ये घुसला तोच. तेव्हा अमेरिकेचं सैन्य दोन लाखही नव्हतं. युद्ध संपेपर्यंत ते ऐंशी लाखांवर गेलं. ही उभारणी मार्शलची.

रूझवेल्ट गोड बोलून माणसाला खिशात घालायचा. मार्शलने त्यावर साधा उपाय काढला: लांब राहायचं. पहिल्या नावाने हाक मारलेली त्याला आवडायची नाही. राष्ट्राध्यक्षाच्या विनोदांवर हसायचं नाही, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. रूझवेल्टच्या न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कच्या घरी तो पहिल्यांदा गेला तो रूझवेल्टच्याच अंत्यविधीला. हे वाचून पोरं हसायची. ज्यांनी वरिष्ठांच्या घरच्या चहापार्ट्या पाहिल्या आहेत ते हसत नाहीत.

पण मार्शलचं चुकलेलंही पाहा. त्याला उत्तर आफ्रिकेत जायचं नव्हतं, सरळ फ्रान्सवर जायचं होतं. जुलै १९४२ मध्ये रूझवेल्टने त्याला बाजूला सारून आफ्रिकेचा निर्णय घेतला. लोकांना याच वर्षी अमेरिकन सैन्य जर्मनांशी लढताना दिसायला हवं होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला काँग्रेसच्या निवडणुका होत्या. रूझवेल्टने हात जोडून म्हटलं होतं, तेवढं मतदानाआधी होऊ दे. तयारी झाली नाही, सैन्य उतरलं ८ नोव्हेंबरला, मतदानानंतर पाच दिवसांनी, आणि रूझवेल्टने त्याबद्दल मार्शलला एक शब्दही ऐकवला नाही. पुढे मार्शलनेच कबूल केलं की लोकशाहीत नेत्याला जनतेला काहीतरी घडताना दाखवावं लागतं, हे आम्हा सैनिकांच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हा सल्लागाराचं ऐकणं म्हणजे सल्लागाराच्या मुठीत जाणं नव्हे.

ब्रुक आणि मार्शल एकमेकांशी भांडत तेव्हा मध्ये पडून समेट घडवायला वॉशिंग्टनमध्ये बसलेला डिल असायचा. लंडनमध्ये निरुपयोगी ठरलेला तोच मृदू माणूस. मार्शल आणि तो जिवलग मित्र झाले. नोव्हेंबर १९४४ मध्ये डिल वारला, तेव्हा अमेरिकनांनी त्याला आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत जागा दिली. तिथे त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे, परक्या देशाच्या फील्ड मार्शलचा.

स्टालिनकडे वळलं की अंगावर काटा येतो. १९३७-३८ मध्ये त्याने पाचपैकी तीन मार्शल संपवले, खाली हजारो अधिकारी. अशा माणसाला ‘नाही’ कोण म्हणणार? झुकोव्हने आठवणींत लिहून ठेवलं आहे की २९ जुलै १९४१ ला त्याने कीव्ह सोडून सैन्य नदीपलीकडे घ्या असं सांगितलं. स्टालिन म्हणाला, काय बरळतोस. झुकोव्ह म्हणाला, सेनाप्रमुख बरळतो असं वाटत असेल तर मला मोकळं करा. केलं मोकळं, दुसऱ्या आघाडीवर पाठवलं. सप्टेंबरमध्ये कीव्हभोवती फास आवळला गेला आणि सहा लाखांहून जास्त कैदी पकडल्याचा दावा जर्मनांनी केला.

इथून पुढे जे घडलं ते मला या युद्धातलं सर्वांत अनपेक्षित वळण वाटतं. स्टालिन शिकला. दयाळू झाला नाही. जुलै १९४२ चा ‘एक पाऊलही मागे नाही’ हा हुकूम त्याचाच. पण त्याच शरद ऋतूत झुकोव्ह आणि वासिलेव्हस्की यांनी स्टालिनग्राडच्या दोन्ही बगलांवरून घाव घालायची योजना मांडली, तेव्हा त्याने तयारीला दोन महिने दिले. ऑक्टोबरमध्ये सेनापतीच्या डोक्यावर बसलेल्या कमिसारचे, म्हणजे पक्षाच्या राजकीय अधिकाऱ्याचे, समान अधिकार काढून घेतले. एप्रिल १९४३ मध्ये कुर्स्कला आधी आपण हल्ला करू नये, शत्रूला येऊ द्यावं, हेही ऐकलं, मनाविरुद्ध ऐकलं. मे १९४४ मध्ये बेलारूसच्या मोहिमेची चर्चा चालू असताना सेनापती रोकोसोव्हस्की म्हणाला, मी एकाच वेळी दोन ठिकाणी मुख्य घाव घालणार. स्टालिनने त्याला शेजारच्या खोलीत जाऊन विचार करून ये म्हणून पाठवलं. तो परत आला, तेच म्हणाला. पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच. मग स्टालिनने मान्य केलं. हा रोकोसोव्हस्की १९३७ ते १९४० तुरुंगात मार खाऊन आला होता, त्याचे दात तिथेच पडले होते. शेजारच्या खोलीत बसल्यावर त्याच्या मनात काय चाललं असेल याचा विचार मी वर्गात पोरांना करायला लावायचो. या प्रसंगातला काही भाग त्याच्याच आठवणींतला आहे, तेव्हा थोडी मीठमिरची धरून चाला. पण जून १९४४ च्या शेवटी जर्मनांचा मध्य आर्मी ग्रुप खरोखरच फुटला.

हिटलरचा प्रवास याच्या नेमका उलट दिशेने झाला. फेब्रुवारी १९३८ मध्ये त्याने सेनेच्या वरच्या दोघांना घालवलं आणि कायटेलला आपला लष्करी कारभारी केलं. कायटेल म्हणजे आपल्याकडे ज्याला नंदीबैल म्हणतात तो. त्याचे सहकारी त्याच्या नावाची मोडतोड करून त्याला ‘लाकायटेल’ म्हणायचे, म्हणजे हुजऱ्या. डिसेंबर १९४१ मध्ये मॉस्कोसमोर सैन्य कच खाऊ लागलं तेव्हा हिटलरने ‘कुणी हलायचं नाही’ असा हुकूम काढला आणि भूदलाचं प्रमुखपद स्वतःकडे घेतलं. घात असा की त्या हिवाळ्यात तो हुकूम बऱ्याच अंशी लागू पडला. एकदा नशिबाने साथ दिलेला माणूस तोच पत्ता पुन्हा पुन्हा टाकतो. त्यानंतर शेकडो मैलांवरून एकेका बटालियनला हुकूम देणं सुरू झालं. उंटावरून शेळ्या हाकणं याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

स्टालिनग्राडला जर्मन सैन्याभोवती वेढा पडला तेव्हा हवाई दलप्रमुख गोरिंग म्हणाला, माझी विमानं रोज ५०० टन रसद टाकतील. सेनाप्रमुख त्सायट्झलर हिटलरसमोरच गोरिंगच्या तोंडावर म्हणाला की हे खोटं आहे. हिटलरने गोरिंगवर विश्वास ठेवला. प्रत्यक्षात दिवसाला सरासरी शंभरसव्वाशे टनच पोचले. त्सायट्झलरने निषेध म्हणून स्टालिनग्राडच्या सैनिकांएवढंच जेवायला सुरुवात केली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाळत गेला. शेवटी हिटलरने त्याला जेवायचा हुकूम दिला.

‘नाही’ म्हणणारे जर्मनीतही होते, हे सांगण्यासाठी हे लिहिलं. बहुतेकांना फक्त घरी पाठवलं गेलं. काहींचं त्याहून वाईट झालं. जनरल श्पोनेकने डिसेंबर १९४१ मध्ये क्रिमियात परवानगीशिवाय माघार घेतली म्हणून त्याला मृत्यूची शिक्षा झाली, ती कमी झाली, आणि तरी जुलै १९४४ मध्ये त्याला गोळी घातली गेली. पण गप्प बसणाऱ्यांच्या गप्प बसण्याला आणखी एक कारण होतं. हिटलर फील्ड मार्शलांना पगाराशिवाय दरमहा ४,००० मार्क गुपचूप, करमुक्त द्यायचा, काहींना जमीनजुमला. रणगाड्यांचा नामांकित सेनापती गुडेरियन, त्याला अशीच एक इस्टेट मिळाली होती. युद्धानंतर यांच्यापैकी अनेकांनी आठवणी लिहिल्या आणि सगळं खापर मेलेल्या हिटलरवर फोडलं. त्या वाचताना हे महिन्याचे चार हजार लक्षात ठेवा, आणि रशियातल्या कत्तलींच्या वेळी यांनी कोणते हुकूम पुढे पाठवले तेही.

जपानमध्ये गोष्ट आणखी विचित्र. तोजो एकाच वेळी पंतप्रधान आणि युद्धमंत्री, पुढे फेब्रुवारी १९४४ पासून भूदलाचा सेनाप्रमुखही. कागदावर हुकूमशहा. पण नौदल त्याला विचारत नव्हतं; जून १९४२ मध्ये मिडवेच्या सागरी लढाईत आपली चार विमानवाहू जहाजं बुडाल्याची खरी बातमी नौदलाने स्वतःच्या सरकारातही दाबून ठेवली. तिथे वर एक माणूस नव्हताच, आणि खाली ‘जमणार नाही’ हे शब्द उच्चारायची चाल नव्हती.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या अंगणातलं आहे, इम्फाळचं. १५व्या आर्मीचा मुतागुची मणिपूरवर चालून यायला उतावीळ होता. त्याचा चीफ ऑफ स्टाफ ओबाता रसदीतला जाणकार. तो म्हणाला, या डोंगरांतून अन्न पोचवता येणार नाही. त्याला काढून टाकलं. तोजोने ही मोहीम मंजूर केली तेव्हा तो अंघोळ करत होता आणि प्रश्नोत्तरं काचेच्या दारातून झाली, असं सांगतात. मार्च १९४४ मध्ये तीन डिव्हिजन सुमारे तीन आठवड्यांचा शिधा पाठीवर घेऊन निघाल्या, सोबत आझाद हिंद सेनेच्या तुकड्या. बरोबर जनावरं हाकत नेली, म्हणजे वाहतूकही होईल आणि मग खाताही येतील. त्यांतली कित्येक चिंद्विन नदीतच वाहून गेली.

उख्रुल बाजूने येणाऱ्यांच्या वाटेत सांगशाक होतं. टेकडीवरचं गाव, वरच्या टोकाला चर्च, पाण्याची बोंब, आणि खाली असा खडक की खंदक खोल जाईना. तिथे ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन उभी होती. २२ ते २६ मार्च ही टेकडी लढली. खरं तर जपानी मेजर जनरल मियाझाकीला तिथे अडकायची गरज नव्हती. सांगशाक त्याच्या हद्दीत नव्हतं, शेजारच्या डिव्हिजनच्या होतं. त्याला कोहिमा गाठायचं होतं. त्याने तिथे दिवस घालवले, शेकडो माणसं गमावली, आणि तेवढे दिवस कोहिमाला मिळाले. मणिपूरला पोस्टिंग असताना मी त्या टेकडीवर जाऊन आलो आहे. वर उभं राहिलं की एवढ्याशा जागेत दोन हजारांच्या आसपास माणसं कशी मावली हेच कळत नाही.

कोहिमाला सातो कोतोकूची डिव्हिजन दोन महिने झुंजली. मागून दाणा नाही की गोळी नाही. मेच्या शेवटी सातोने सरळ तारा पाठवून हुकूम मोडला आणि उरलेली माणसं घेऊन मागे फिरला. जपानी सैन्याच्या इतिहासात न घडलेली गोष्ट. त्याच्यावर खटला भरला असता तर तो सगळं बोलला असता, म्हणून त्याला मानसिक रुग्ण ठरवून गप्प केलं.

आणि ६ जूनची ती भेट. मुतागुचीचा वरिष्ठ कावाबे त्याला भेटायला आघाडीवर आला. मोहीम संपली आहे हे दोघांनाही माहीत होतं. थांबवायची परवानगी मागावी म्हणून मुतागुची घुटमळत होता. तो मागेल म्हणून कावाबे वाट पाहत होता. नंतर मुतागुचीने सांगितलं की शब्द ओठांवर आले होते, पण बाहेर पडले नाहीत. आपला चेहरा पाहून कावाबेने ओळखावं अशी आशा होती. ताकाला जाऊन दोघांनीही भांडं लपवलं. माघारीचा हुकूम निघायला जुलै उजाडला, मध्ये पावसाळा. सुमारे ८५,००० पैकी ३०,००० हून जास्त मेले, बरेचसे भुकेने आणि रोगाने.

मी कॅप्टन असताना एका सरावाचा प्लॅन वाळूच्या मॉडेलवर समजावून सांगितला जात होता. गाड्या ज्या नाल्यातून जाणार होत्या तो मी आदल्या आठवड्यात पायी ओलांडला होता. खाली चिखल होता. ‘एनी क्वेश्चन्स?’ असं विचारलं गेलं. मी वरिष्ठांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गप्प बसलो. रात्री तीन गाड्या रुतल्या, सराव चार तास लांबला. युद्ध नव्हतं, कुणी मेलं नाही. पण मुतागुचीवर हसायचा माझा हक्क त्या रात्री गेला.

त्याच लढाईत समोरच्या बाजूला १४व्या आर्मीचा बिल स्लिम होता, गुरख्यांमध्ये मुरलेला अधिकारी. पुढच्यांना अर्धा शिधा असेल तेव्हा आपल्या मुख्यालयालाही अर्धाच शिधा, हा त्याचा नियम. त्याच्याही चुका झाल्या: सैन्य मागे घ्यायची वेळ ठरवायचं त्याने खालच्यांवर सोडलं, त्यामुळे १७वी डिव्हिजन जवळजवळ अडकली, आणि कोहिमाकडे जपानी एवढ्या ताकदीने येतील हे त्याला वाटलं नव्हतं. चूक माझी, असं त्याने पुढे छापून ठेवलं. सावरण्यासाठी ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या आराकानमधून ५वी भारतीय डिव्हिजन विमानांनी उचलून आणायची होती आणि विमानं होती अमेरिकनांची, चीनला रसद पोचवणारी. वरच्या मंजुरीची वाट न पाहता आग्नेय आशियातला दोस्तांचा सरसेनापती माउंटबॅटन याने ती आपल्या जबाबदारीवर वळवली. माउंटबॅटनबद्दल माझं मत एरवी फारसं चांगलं नाही, पण हे श्रेय त्याचं.

तेव्हा ताई, मुलीला परीक्षेत चर्चिल, रूझवेल्ट, स्टालिनच लिहू द्या. ब्रुकला गुण मिळायचे नाहीत. त्याचं नाव यादीत का नाही याचं उत्तर सरळ आहे. युद्धाचा मोठा इतिहास पहिल्यांदा लिहिला तो चर्चिलने, सहा खंडांत, आणि त्यात ब्रुकला जेमतेम जागा मिळाली. १९५३ मध्ये चर्चिलला साहित्याचं नोबेल मिळालं. ब्रुक दुखावला, त्याच्या डायऱ्यांतला भाग १९५७ मध्ये छापून आला, तेव्हा चर्चिल दुखावला. ब्रुक पक्षीवेडा होता. युद्ध चालू असताना, डोकं ठिकाणावर राहावं म्हणून, त्याने जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाच्या पक्षीचित्रांचे खंड विकत घेतले होते. निवृत्तीनंतर पैशांची ओढाताण झाली तेव्हा त्याने घर विकलं, माळ्यासाठी बांधलेल्या लहान घरात राहायला गेला, आणि ते खंडही विकून टाकले.